आठ पाकळ्यांचा गड्डा

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. वाटलीच, तर सांगणाऱ्याची अर्धी मिशी इथल्या इथे उतरवावी. कात्री आहे, त्या खिडकीत विणकाम करत बसलेल्या बाईंच्या टोपलीत. बाईंनी आपल्या सुया चालवाव्यात, टाके मोजावेत, कुणाची हरकत नाही. फक्त मध्ये तोंड उघडू नये. याआधीच्या दोन गोष्टी त्यांनी अशाच ऐन रंगात मोडल्यात.

तर एक होती चिठ्ठीबाई.

आईबापांनी काही हे नाव ठेवलं नव्हतं. एका दवाखान्यात तिनं तीस वर्षं औषधं भरून दिली. पातळ औषध बाटलीत ओतायचं, बाटलीच्या पोटावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायची, एक खाच म्हणजे एक डोस, आणि वर गळ्याशी चिठ्ठी. चिठ्ठीवर औषधाचं नाव कधी नसायचं, रोग्याचं असायचं. डॉक्टर म्हणायचे, "औषध कसलं ते मला ठाऊक. कुणाचं ते त्याला कळलं की झालं." दवाखान्याचे आणखी दोन दंडक होते. एकाची बाटली दुसऱ्यानं तोंडाला लावायची नाही. आणि कोरी चिठ्ठी म्हणजे विष. बाटलीवर नाव नसेल तर विचार करत बसायचं नाही, सरळ मोरीत ओतायची.

नोकरी सुटली, पण हात सुटतो थोडाच! घरभर चिठ्ठ्या झाल्या. मिठाच्या बरणीवर मीठ, साखरेच्या बरणीवर साखर, मागच्या दाराच्या किल्लीला "मागचं दार". नवरा घड्याळजी. पुढच्या खोलीत टेबलाशी एका डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि तिथूनच ओरडायचा, "अगं, एक माझ्या कपाळावरही लाव! दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

"तुम्हाला हलवून घ्यावं लागतं," ती म्हणायची. "तसंच लिहीन."

या दोघांशिवाय घरात वन्सं होत्या. घड्याळजीची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, काका-मामा-मावशी कुणी नव्हतंच, तेव्हा या बहिणीनंच धाकट्याला अंगाखांद्यावर वाढवलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. तिला जगात एक भाऊ, आणि भावाला एक बहीण. मधल्या मध्ये चिठ्ठीबाई. वन्संच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण जिभेवर काही उतरलं नव्हतं.

"दवाखान्यातून आलीस खरी," त्या म्हणायच्या, "पण दवाखाना काही तुझ्यातून गेला नाही हो."

घराच्या मागं अंगण, अंगणाच्या भिंतीला लागून चार हात रुंदीचा मातीचा पट्टा. तिथं काही यायचं नाही. एका शरद ऋतूत पलीकडच्या बागेतले माळीबुवा कागदाची पुडी घेऊन आले आणि पुडी ओट्यावर उलटी केली. तांदळापेक्षा मोठे, वाटाण्यापेक्षा लहान, जांभळट दाणे खडखडत सांडले.

"लसूण आहे," माळीबुवा म्हणाले.

"एवढासा?" चिठ्ठीबाई म्हणाली.

"डेंगळ्यातले मणी. लसणीला मधून दांडा येतो ना, डुकराच्या शेपटीसारखा वेटोळा? लोक तो खुडतात. मी या वर्षी राहू दिला. टोकाला पिशवी धरते, पिशवीत हे मणी. माझ्या बागेला बुरशी लागलीय, बाई. जमिनीतला एक गड्डा धड निघाला नाही. पण हे वर हवेत वाढले. यांना माती शिवलेली नाही, म्हणून हे तेवढे निरोगी."

"म्हणजे बी?" इथं खिडकीतल्या बाईंनी सुया थांबवून विचारलं.

झालं! बी नव्हे हो बाई. बियाण्यात आई असते, बाप असतो, वेगळं काही निपजायची सोय असते. मण्यात ती भानगड नाही. मणी म्हणजे तीच लसूण, पुन्हा पहिल्यापासून. आणि आता एकदाच ऐकून घ्या म्हणजे पुन्हा विचारायला नको: मणी पेरला की पहिल्या वर्षी गवतासारखी पात येते आणि खाली नुसती गोटी धरते. गोल, गुळगुळीत, पाकळीचा पत्ता नाही. ती गोटी जमिनीत राहू दिली, तर दुसऱ्या वर्षी तिचा गड्डा होतो आणि गड्ड्याच्या पाकळ्या होतात. पहिल्या वर्षी पाकळी नाही म्हणजे नाही. ब्रह्मदेव आला तरी नाही. कळलं?

बाईंनी मान हलवली आणि टाका पुढं घेतला.

माळीबुवांनी जाताना एवढंच बजावलं, "घाई करू नका. वेळेआधी उपटलं तर घात, वेळेनंतर ठेवलं तर कूज. वेळेवर काढलेली लसूण मात्र मेलेल्याला उठवील."

आता असं बोलायची माळ्यांची पद्धतच असते. पण तीस वर्षं ज्या बाईनं दुसऱ्याचं बोलणं शब्दशः चिठ्ठीवर उतरवलं, तिच्यासमोर असं बोलू नये.

चार ओळी आखल्या, ओळीत बारा मणी. पहिली ओळ, भिंतीकडची, माळीबुवांनी हौसेनं स्वतः लावली, स्वतःच्या खुरप्यानं. ते खुरपं त्यांच्याच बागेतून आलेलं होतं, पात्याला तिथली माती तशीच. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता प्रश्न आला चिठ्ठ्यांचा. चारही ओळींत तीच लसूण, मग लिहायचं काय? कोरी चिठ्ठी लावणं तर तिच्या हातून होणं नव्हतं. तेव्हा तिनं दवाखान्याचाच शिरस्ता धरला: काय आहे ते लिहायचं नाही, कुणाचं आहे ते लिहायचं. पहिली ओळ माळीबुवांना द्यायची, तिथं लिहिलं "माळीबुवा". दुसरीवर "हे". तिसरीवर "वन्सं". चौथी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला द्यायची ठरली, कारण तो बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, रोज पहाटे सराव करायचा, आणि घड्याळजीचं म्हणणं पडलं की त्याच्या तोंडाला कशाचा तरी वास लागला तर बरंच. काडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर पातळ मेण. पावसाची भीती नाही.

"आणि तुझी ओळ?" वन्संनी विचारलं.

"भरून देणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं नसतं."

"बरं जमतं तुला," वन्सं म्हणाल्या. "सगळ्यांना औषध, तू तेवढी कोरी."

हिवाळा गेला. पात वर आली, हिरवी, केसासारखी. वन्संना तिचं भारी वेड लागलं. सकाळी उठून हातानं चाचपत भिंतीपर्यंत जायच्या आणि झारीनं पाणी घालायच्या. चिठ्ठ्या त्यांना दिसायच्या नाहीत, भिंतीपासून मोजायच्या. पहिली माळ्याची, दुसरी भावाची, तिसरी माझी, चौथी त्या भोंगेवाल्याची.

एका सकाळी वरचा सराव काही संपेना. चिठ्ठीबाईचं डोकं उठलं होतं, चुलीवर सूप होतं, आणि त्यात टाकायला हिरवी पात हवी होती. ती तरातरा अंगणात गेली आणि चौथ्या ओळीतलं शेवटचं रोप मुळासकट ओढलं. खाली मोत्याएवढी पांढरी गोटी.

त्याच क्षणी वर ट्रंपेट "पॅंऽऽ" करता करता "फुस्स" झालं.

पाच मिनिटांत ट्रंपेटवाला जिना उतरून दारात उभा. एक हात तोंडावर, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर पुढचा दात. किडलेला नाही, हललेला नाही, चांगला धडधाकट दात. "वहिनी, कापूव आहे का?" त्यानं विचारलं. त्याला म्हणायचं होतं कापूस.

चिठ्ठीबाईनं एका हातानं कापूस दिला. दुसऱ्या हातात ती गोटी होती. दात आणि गोटी, दोन्ही पांढरे, दोन्ही तेवढेच.

घड्याळजीला तर हसू आवरेना. "आणखी दोन उपट की! रविवार निवांत जाईल."

"गप्प बसा," ती म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की त्यानं भिंग काढून तिच्याकडं पाहिलं.

त्या दिवसापासून तिनं वाफ्याला हात लावला नाही. नुसती बघत बसायची, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, पदरानं एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पहिली ओळ पिवळी पडली. बाकीच्या तीन हिरव्यागार, आणि भिंतीकडची ही एकच शेंड्यापासून वाळत आली. तिनं बोटानं माती उकरली. मुळाशी कापसासारखी पांढरी बुरशी, आणि कापसात मोहरीएवढे काळे ठिपके. गोटी दाबली तर पाणी झाली. ती हात धुऊन थेट माळीबुवांकडं गेली. माळीबुवा खाटेवर होते. "काही नाही, जरा अशक्तपणा," म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. वयाला काय, जो जातो त्याचं झालेलंच असतं. खुरप्यावरच्या मातीनं ओळीला बुरशी लागली, हे तिलाही कळत होतं. पण म्हाताऱ्याला काय लागलं, ते चिठ्ठीशिवाय कशानं सांगता येत नव्हतं. तिनं "माळीबुवा" लिहिलेली काडी उपटली, पुसली आणि सुयादोऱ्यांच्या डब्यात ठेवली. फेकवेना.

गोट्या तिनं त्या वर्षी काढल्या नाहीत. दुसऱ्या शरदात तीन ओळी पुन्हा फुटल्या, या खेपेला जाड, रुंद पातीच्या. वन्संची ओळ तर बघत राहावी अशी. अंगठ्याएवढे बुंधे, शिपायांसारखे ताठ.

आणि वसंतात एका सकाळी "हे" पिवळं दिसलं.

आधी एकाच पातीचं टोक. तिनं कात्रीनं ते कापून टाकलं, जसं काही कापल्यानं सुटतं. आठवड्यात निम्मी ओळ. घड्याळजीला खोकला लागला. कोरडा, घड्याळाच्या ठोक्यासारखा, ठरावीक अंतरानं. त्याच्या हातातला बारीक चिमटा थरथरायला लागला. एक दिवस त्याच्या हातून घड्याळाचं चाक पडलं, आणि ते शोधायला तो वाकला तो उठलाच नाही. तिनं हात देऊन उठवला. डॉक्टरांनी छाती ऐकली, फोटो काढला, आणि चिठ्ठी लिहिताना तिच्याकडं बघायचं टाळलं. तीस वर्षं डॉक्टरांसमोर काढलेल्या बाईला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर उठली तर अंगणात पाण्याचा आवाज. वन्सं दुसऱ्या ओळीपाशी उकिडव्या बसून झारी रिकामी करत होत्या. एक झाली, दुसरी भरली. मातीचा चिखल झाला होता.

"वन्सं! हे काय करताय?"

"पाणी घालतेय. आंधळी झालीस का माझ्यासारखी?"

"उन्हाळ्यात लसणीचं पाणी तोडायचं असतं. कुजते ती! आणि याच ओळीला एवढं?"

"तुझं शास्त्र तुझ्यापाशी. लहानपणी ताप आला की रात्रभर पाणी मागायचा तो. मी दिलं म्हणून जगला." वन्संनी झारी छातीशी धरली. "भावाच्या ओळीला कमी पडू देणार नाही मी."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून," वन्सं अभिमानानं म्हणाल्या. "माझ्या ओळीचं पाणीसुद्धा त्यालाच देते."

चिठ्ठीबाई तिथंच पायरीवर बसली. राग यायला हवा होता, तो येईना. त्याच्या जागी एक जुनी गोष्ट आली.

दवाखान्यात एकदा, एकदाच, तिच्या हातून दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. एक बाटली रंगाऱ्याची, एक शिवणबाईंची. रंगाऱ्यापुढं डॉक्टरांनी हात टेकले होते, त्याचं औषध नुसतं समजुतीचं. शिवणबाई चार दिवसांत उठणार होत्या. तिच्या लक्षात आलं तेव्हा दोघंही बाटल्या घेऊन गेले होते. धावत जाता आलं असतं. ती गेली नाही. नोकरीचा तिसराच महिना होता. आठवड्यानं रंगारी स्वतःच्या पायांनी आला, शिडी खांद्यावर. शिवणबाई आल्या नाहीत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, घड्याळजीलासुद्धा. पण तेव्हापासून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, जी डॉक्टरांना ठाऊक नव्हती: चिठ्ठी बदलता येते.

तिसऱ्या दिवशी घड्याळजीच्या रुमालावर लाल ठिपका दिसला. त्यानं रुमालाची घडी केली आणि म्हणाला, "अगं, ते चिठ्ठ्यांचं राहू दे आता. माझी वेळ नीट लाव. मागं पडतोय मी." आणि आपल्याच विनोदावर हसता हसता खोकत राहिला.

भर दुपारी ती अंगणात गेली. वन्सं आत पडल्या होत्या. ऊन असं की चिठ्ठ्यांवरचं मेण मऊ झालं होतं. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये बसली. डाव्या हाताला "हे", पिवळं, लोळलेलं. उजव्या हाताला "वन्सं", हिरवं, ताठ, एकेका दांड्याला वेटोळं पडलेलं. महिन्यात काढणीला आलं असतं. वेळेवर. तिनं दोन्ही काड्या दोन्ही हातांत धरल्या. मेण बोटांना चिकटलं.

"कोण आहे?" दारातून वन्संचा आवाज. हात भिंतीवर, डोळे उन्हात मिटलेले. "काय करतेस गं तिथं?"

"वाळलेली पात काढतेय, वन्सं."

"माझ्या भावाची?"

"हो."

"सांभाळून काढ," वन्सं म्हणाल्या. "हिरवीला धक्का लावू नकोस."

आणि इथं, मंडळी, तिनं हात मागं घेतले. अगदी शपथेवर. दोन्ही काड्या जिथल्या तिथं सोडल्या आणि घरात आली. माणूस आहे ती, कसाई नव्हे. मग तिला आठवलं की माळीबुवांच्या पुडीत मूठभर मणी उरलेत. तिनं एक मोठी कुंडी घेतली, तीत लांबून आणलेली नवी माती भरली, बुरशीचं नाव नाही अशी, ते मणी पेरले आणि कुंडीला नवी चिठ्ठी लावली: "हे". बघा, किती सोपं! कुणाचं काही घ्यायला नको, कुणाचं काही द्यायला नको. कुंडीनंही असा जोर धरला की विचारू नका. इकडं वन्सं आपल्या भिंतीपासून मोजून दुसऱ्या ओळीलाच पाणी घालत राहिल्या; त्यांना चिठ्ठ्या कुठं दिसत होत्या? ती म्हणाली, घालू देत. कशाला अडवायचं?

उन्हाळा सरायच्या आत लसूण तयार झाली. वेळेवर काढली, एक दिवस इकडं नाही की तिकडं. ट्रंपेटवाल्यालाही त्याची ओळ पोचती झाली. त्यानं खोटा दात बसवला होता आणि पहाटे पुन्हा भोंगा सुरू केला होता. पण कुंडीतल्या लसणीची गोष्टच वेगळी. एकेक गड्डा मुठीएवढा! तिनं पहिला गड्डा फोडला, पाकळ्या मोजल्या, आठ. तुपात परतल्या आणि बशी टेबलावर ठेवली. घड्याळजीनं एकेक करून आठही खाल्ल्या. खोकला त्या आठवड्यात थांबला. हात स्थिर झाला. आजही बसतो तो पुढच्या खोलीत, भिंग लावून, आणि कपाळावरच्या चिठ्ठीचा विनोद करतो. जेवायला दोघंच होते त्या दिवशी, कारण वन्सं चार दिवस मावसबहिणीकडं हवापालटाला गेल्या होत्या, आणि तिथं त्यांना इतकं आवडलं म्हणता, की त्या तिथंच...

"थांबा."

खिडकीत सुया थांबल्या होत्या. विणणाऱ्या बाईंनी लोकर मांडीवर ठेवली.

"कुंडीत मणी पेरले कधी? वसंतात. काढले कधी? त्याच उन्हाळ्यात. पहिल्या वर्षी मण्याला पाकळी येत नाही, ब्रह्मदेव आला तरी नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मी मोजत होते. आठ पाकळ्यांचा गड्डा दोन वर्षांचा असतो. तो कुंडीतला नाही, वाफ्यातला आहे. खोटं बोलताय तुम्ही. कुंडी नव्हतीच." त्यांनी टोपलीतली कात्री काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. "मिशी राहू दे. एवढंच सांगा, घड्याळजीनं कुणाची ओळ खाल्ली, हे त्याला माहीत आहे का?"